मास्तरांचा डगला आणि स्मरांदाची हूल

मी एक जुना डगला आहे. चामड्याचा, जाडजूड, आणि लपवून काय उपयोग, दिसायला अगदी कुरूप. मित्रांनो, तुमच्या ओळखीचे डगले माणसाला थंडीत ऊब देतात, लग्नाकार्यात त्याच्या अंगावर मिरवतात. माझ्या नशिबी तसलं काही आलं नाही. मी जन्मभर मार खाल्ला. मला शिवलंच होतं त्यासाठी.

माझे मालक नांदोर मास्तर. रुमानियातल्या सातु मारे या गावी ते मुलींना तलवारबाजी शिकवायचे. आमच्याकडे शिकवायची रीत अशी, की मास्तर एका वेळी एकाच मुलीला समोर उभं करतात. दोघांच्या हातात तलवारी. मास्तर मुद्दाम आपली तलवार बाजूला घेऊन छाती उघडी टाकतात आणि मुलीने तिथे टोचायचं. बरोबर टोचलं की मास्तर काही बोलत नाहीत, फक्त पुन्हा छाती उघडी टाकतात. असं दिवसातून चारशे-पाचशे वेळा. तलवारीचं टोक बोथट असतं म्हणून जीव जात नाही इतकंच, पण पोलाद ते पोलादच. ते मास्तरांच्या फासळ्यांत शिरू नये म्हणून मध्ये मी.

घोड्यांचे पट्टे आणि खोगिरं शिवणारा एक म्हातारा गावात होता, त्याने मला शिवलं. मास्तरांनी छातीला चामड्याचे तीन पदर सांगितले, तेव्हा तो सुई बाजूला ठेवून हसायलाच लागला.

"तीन? अरे नांदोर, घोड्यालासुद्धा मी दोन लावतो. कुणाच्या लाथा खायला निघालास?"

"लाथा नाहीत रे बाबा. पोरींच्या तलवारी."

"मग चार लावतो," म्हातारा म्हणाला आणि त्याने खरोखरच चार लावले.

पुढची वीस वर्षं मी त्या चार पदरांवर काढली. मुखवट्याच्या जाळीआड मुलींचे चेहरे मला दिसायचे नाहीत, पण टोचण्यावरून मी प्रत्येकीला ओळखायचो. कुणी धसमुसळी असे, कुणी भित्री. कुणी टोचल्यावर टोक तिथेच रुतवून ठेवी, जणू मी पळून जाणार होतो. मास्तरांना पाठीमागून येणारी मुलगी ओळखता येत नसे, मला अंधारातसुद्धा येई. या गोष्टीचा मला फार गर्व होता, तो सांगून टाकलेला बरा.

हॉलच्या भिंतीवर छायाचित्रं होती. अडुसष्टला मेक्सिकोच्या ऑलिम्पिकमध्ये आमच्या देशाच्या मुलींनी फॉइल या हलक्या तलवारीच्या प्रकारात सांघिक कांस्य आणलं, पुढच्या वर्षी हवानात तर संघ विश्वविजेता झाला. त्या छायाचित्रांखालच्या बाकावर बसून आमच्या मुली बुटांचे बंद बांधायच्या. मान वर करून बघत राहिलेली मुलगी धड्याला उशिरा यायची आणि मास्तर ओरडायचे. पण ओरडताना तेही एक नजर तिकडे टाकायचेच. चाळीस वर्षांचे असल्यापासून त्यांच्या मनात एकच होतं, आपल्या हातची एक मुलगी त्या भिंतीवर चढावी.

सदुसष्टच्या शरदात स्मरांदा आली. वय दहा, वडील रेल्वेत सांधेवाले, पायांत कुणा मोठ्या बहिणीचे बूट. मास्तरांनी तिला तलवार धरायला शिकवली, छाती उघडी टाकली आणि म्हणाले, "हं, टोच." तिने टोचलं. टोक माझ्या बरोबर मधोमध लागलं. आणि जाळीआडून बारीक आवाज आला, "माफ करा हं, मास्तर."

"अगं, रोज पाचशे वेळा माफी मागत बसलीस तर शिकशील कधी?"

बाकावरच्या सगळ्या जणी खो खो हसल्या. तिचं टोचणं मात्र मला तेव्हाच वेगळं वाटलं. नेमकं होतं, पण त्यात दुखवायची इच्छा नव्हती. मी मनात म्हटलं, ही पोर पुढे जाईल.

सत्तर सालच्या मे महिन्यात सोमेश नदीला पूर आला. आमच्या गावाने तसा पूर कधी पाहिला नव्हता. माणसं छपरांवर चढून बसली होती, गुरं वाहून जात होती. मास्तरांनी बायकोला उंचावरच्या शाळेत पोचवलं आणि ते कमरेइतक्या पाण्यातून हॉलवर आले. हॉलमधल्या तलवारी परदेशी पोलादाच्या होत्या, एक मोडली तर दुसरी मिळायला वर्ष जायचं. थंडी वाजत होती म्हणून त्यांनी मला अंगात चढवलं, सगळ्या तलवारी एका लाकडी पेटीत भरल्या आणि पेटी उजव्या खांद्यावर घेऊन ते माळ्याचा जिना चढू लागले. सातव्या-आठव्या पायरीवर चिखलाने पाय सटकला. मास्तर पडले, पण पेटी त्यांनी सोडली नाही. पडताना पेटीचा सगळा भार त्या एका खांद्यावर आला. आत काहीतरी कटकन मोडल्याचा आवाज मी ऐकला, कारण त्या खांद्यावर मीच होतो. मास्तर थोडा वेळ तसेच पाण्यात बसून राहिले. मग पेटी डाव्या हाताने ओढत त्यांनी माळ्यावर नेली.

गावात त्यांचं फार कौतुक झालं. नांदोर मास्तरांनी एकही तलवार जाऊ दिली नाही, असं जो तो म्हणे. खांद्याचं मात्र डॉक्टरशिवाय कुणालाच कळलं नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरने तीन महिने हात हलवू नका म्हणून बजावलं होतं. मास्तरांनी सहा आठवड्यांत मला पुन्हा अंगात घातलं.

आता ती हूल तुम्हाला सांगितली पाहिजे, कारण सगळं तिच्यामुळेच झालं. तलवार वरच्या अंगाला टोचणार असं दाखवायचं. समोरचीचा हात ते अडवायला वर जातो. तो वर गेला, की त्याच क्षणी तिच्या हाताखालून टोक काढून खाली टोचायचं. ऐकायला सोपं आहे. पण त्यात खरं कसब आहे ते वेळेचं. समोरचीचा हात वर जाईपर्यंत थांबावं लागतं, आणि तो गेल्यावर मात्र किंचितही थांबून चालत नाही. स्मरांदाला ही हूल अशी जमली की मास्तर तिला नाव घेऊन बोलवायचेच नाहीत, "तुझं घे" म्हणायचे. तुझं म्हणजे ती हूल.

मास्तरांचा उजवा हात वर जाताना आता अडखळत होता. खांद्याच्या रेषेपर्यंत यायचा, तिथे ठणकायचा, मग उरलेला वर जायचा. या सगळ्याला जेमतेम अर्धा श्वास लागायचा. स्मरांदा तेवढा अर्धा श्वास थांबायची आणि मग खालून टोचायची. रोज, शेकडो वेळा.

तिच्या बरोबरीची ओतिलिया म्हणून एक दांडगी मुलगी होती. ती टोचायची तेव्हा माझी शिवण करकरायची. एकदा बाकावर बसून तिने स्मरांदाचा धडा पाहिला आणि मोठ्याने म्हणाली, "स्मारा, तू टोचतेस की पाकिटावर तिकीट चिकटवतेस?"

"तिकीट नीट चिकटलं की पत्र पोचतं," स्मरांदा म्हणाली. "तुझं रस्त्यातच फाटतं."

सगळ्या हसल्या, मास्तरही हसले. मला तेव्हा स्मरांदाचा अभिमान वाटला. आज ते आठवलं की वाटतं, त्या दिवशी ओतिलियाचं बोलणं कुणीतरी मनावर घ्यायला हवं होतं.

दर शनिवारी मास्तर मला घरी न्यायचे. त्यांची बायको पिरोश्का मला टेबलावर पसरून डुकराची चरबी चोळायची, नाहीतर मी तडकलो असतो. अशाच एका शनिवारी तिने चरबीचे हात पुसले आणि ती सूप पिणाऱ्या नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"हात वर कर बघू."

"कशाला? छताला चुना द्यायचाय?"

"कर म्हणते ना."

मास्तरांनी उजवा हात उचलला. तो खांद्यापर्यंत आला आणि तिथेच राहिला. वर न्यायला त्यांना दात आवळावे लागले.

"या हाताने त्या पोरीला शिकवतोस तू? तिला माहीत आहे?"

"नाही. आणि तूही सांगायचं नाहीस."

"का म्हणून?"

"क्रीडा कचेरीत कळलं तर उद्या मला चेंडू मोजायला गोदामात बसवतील, पिरी. मग स्मारा कुणाकडे जाईल? तिच्यात ऑलिम्पिक आहे गं. मला दिसतंय. तेवढी एक निवड होऊन जाऊ दे, मग मी आपण होऊन सांगतो."

"तुझा हात उशिरा येतो, नांदोर. ती पोर त्या उशिराला धरून शिकतेय. समोर कुणी चपळ आली तर काय करेल?"

मास्तरांनी सुपात मीठ कमी आहे म्हणून कुरकुर केली. पिरोश्काने मिठाचं भांडं त्यांच्यासमोर आपटलं आणि ती पुन्हा मला चरबी चोळू लागली. त्या दिवशी तिचे हात माझ्यावर जरा जास्तच जोरात चालले.

मला वाटायचं पिरोश्का उगाच घाबरते. स्मरांदा जिंकत होती ना! सोळाव्या वर्षी ती लहान गटात देशात पहिली आली, अठराव्या वर्षी पुन्हा आली. तिची हूल कुणाला कळायची नाही, कारण तिच्या वयाच्या मुलींचे हात तितके चपळ नव्हतेच. गावात पेपरात तिचा फोटो आला. रेल्वे फाटकावर तिच्या वडिलांना इंजिन ड्रायव्हर शिट्टी वाजवून सलाम करायचे. मास्तर तर इतके खूश होते की धडा संपल्यावर मला खुंटीला लावताना ते माझ्या छातीवर थोपटायचे. मीही फुगून गेलो होतो, खोटं कशाला बोलू.

शहात्तरच्या वसंतात निवडीची लढत आली. ऑलिम्पिक कॅनडात होतं. संघातल्या बाकीच्या जागा ठरल्या होत्या, एकच उरली होती. बुखारेस्टच्या एका जुन्या व्यायामशाळेत स्मरांदा आणि वेरोना नावाची एक बारीक चणीची मुलगी, अशा दोघीच राहिल्या. जी आधी आठ वेळा टोचेल ती कॅनडाला जाणार. मास्तरांनी मला घालून स्मरांदाला लढतीआधीचा धडा दिला आणि घाईत मला काढायचं राहून गेलं. म्हणून ती लढत मी त्यांच्या अंगावरून पाहिली.

सुरुवातीला स्मरांदा साधे सरळ वार करत होती. चार-दोन, पाच-तीन, सात-चार. आणखी एक टोचणं, की झालं. मास्तरांचं काळीज माझ्याखाली धडधडत होतं. आणि त्यांना राहवलं नाही. लढतीच्या पट्टीच्या कडेला वाकून ते ओरडले, "स्मारा! तुझं घे! तुझं!"

पंचाने डोळे वटारले. स्मरांदाने मान हलवली आणि हूल दाखवली. वेरोनाचा हात वर गेला, पण इतक्या झटकन गेला आणि परत आला, की स्मरांदा खालून टोक काढेपर्यंत वेरोनाचं टोक तिच्या छातीवर बसलंसुद्धा होतं. टोचल्याचा दिवा लागला. सात-पाच.

तिने पुन्हा तेच केलं. सात-सहा.

त्या क्षणी मास्तरांना कळलं. मी हे छातीठोकपणे सांगतो, कारण त्यांचा श्वास माझ्याखाली अडकला तो मला लागला. स्मरांदा अर्धा श्वास थांबत होती. वेरोनाच्या हाताला तेवढा वेळ लागत नव्हता. तेवढा वेळ जगात फक्त एका माणसाच्या हाताला लागायचा. मास्तरांची छाती फुगली, त्यांनी तोंड उघडलं. "थांबू नकोस!" एवढेच दोन शब्द ओरडायचे होते. पण ती वळून विचारणार, का? आजवर थांबायलाच तर शिकवलंत. मग पिरोश्का सोडून कुणालाच ठाऊक नसलेलं ते सगळ्या हॉलसमोर उघडं पडणार. मास्तरांनी तोंड मिटलं.

सात-सात. सात-आठ. वेरोना कॅनडाला गेली.

स्मरांदाने मुखवटा काढला, तलवार उंचावून पंचाला, प्रेक्षकांना आणि वेरोनाला सलाम केला, उघड्या हाताने तिच्याशी हात मिळवला. सगळं रीतीप्रमाणे केलं. मग ती कपडे बदलायच्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

घरी परतताना दिवसभराचा आगगाडीचा प्रवास होता. मी मास्तरांच्या पिशवीत, फळीवर. वाटेतलं क्लुजचं स्टेशन मागे पडलं. मग स्मरांदा म्हणाली, "माझे पाय जड झाले होते, मास्तर. शेवटी शेवटी घाबरले मी. चूक माझी आहे."

मी वाट पाहिली. आता बोलतील, आता तरी बोलतील, असं वाटत राहिलं. मित्रांनो, मला तोंड असतं तर त्या दिवशी मी फळीवरून खाली उडी मारली असती.

"होतं असं," मास्तर म्हणाले. "वय लहान आहे तुझं." आणि ते खिडकीबाहेर बघत बसले.

एवढं बोलून त्यांनी आपली चूक त्या एकोणीस वर्षांच्या पोरीच्या पदरात टाकली. तिने ती मुकाट्याने घेतली. पुढच्या वर्षी तिने तलवार सोडली, कपडे शिवायच्या कारखान्यात कामाला लागली आणि लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. जाताना निरोप घ्यायला आली तेव्हा ती माझ्याकडे बघून म्हणाली, "याला बिचाऱ्याला माझ्यामुळे किती मार पडला." मास्तर हसले नाहीत.

त्यानंतर मास्तरांनी मनापासून कुणाला शिकवलं नाही. दोन वर्षांनी त्यांनी खांदा दुखतो म्हणून कचेरीत लिहून दिलं आणि ते निवृत्त झाले. नवे मास्तर नवा डगला घेऊन आले, हलका आणि काळा. मला अडगळीच्या खोलीत मोडक्या मुखवट्यांमागे टांगलं. चरबी चोळायला कुणी नव्हतं. माझ्या बाह्या वाळून ताठ झाल्या, कॉलरला भेगा पडल्या, खिशात उंदरांनी पिल्लं घातली. मला त्याचं दुःख नव्हतं असं नाही, होतं. पण त्याहून मोठं दुःख दुसरंच होतं. जे खरं होतं ते तिला कुणीच सांगितलं नव्हतं, आणि ज्या दोघांना ते ठाऊक होतं त्यांतला मी एक होतो. पिरोश्का त्या सुमारास वारली होती.

स्मरांदा गेल्याला चौदा वर्षं झाली. सरकार बदललं, हॉलच्या दारावरची पाटी बदलली. म्हातारे मास्तर दर मंगळवारी दुपारी येऊन बाकावर बसायचे, मुलींचे धडे बघायचे आणि निघून जायचे. अडगळीच्या दाराच्या फटीतून मला ते दिसायचे. एका मंगळवारी हॉलचं दार उघडलं आणि एक बाई आत आली. हातात अक्रोडाच्या केकचं पुडकं, डोक्याला रुमाल. चाल ऐकूनच मी ओळखली.

"मास्तर, किती वाळलात तुम्ही!" स्मरांदा म्हणाली.

"आणि तू? तू फुगलीस."

"बघा, चौदा वर्षांनी आले तर हे स्वागत."

दोघं बाकावर बसून केक खात होती. मुली घरी गेल्या, हॉल रिकामा झाला. मग मास्तर उठले, अडगळीच्या खोलीत आले आणि मला खुंटीवरून काढलं. धूळ झटकून, उंदरांचा कचरा झाडून त्यांनी मला अंगात चढवलं. मी त्यांना ढगळ होत होतो. उजवी बाही त्यांना घालता येईना, ती स्मरांदाने चढवून दिली, बक्कलही तिनेच लावलं.

"एक तलवार घे," मास्तर म्हणाले. "तुझं घे."

"आता कुठे मला जमतंय!"

"घे म्हणतो ना."

ती समोर उभी राहिली. मास्तरांनीही एक तलवार उचलली आणि छाती उघडी टाकली. तिने हूल दाखवली आणि त्यांचा हात अर्ध्यात येऊन थांबला, पुढे गेलाच नाही. तिने टोक खाली घेतलं.

"बघितलंस?" मास्तर म्हणाले. "तो असाच आहे, पुरापासून. बुखारेस्टला तू हरली नाहीस, स्मारा. हा हात हरला. तो उशिरा यायचा आणि तू त्याच्यासाठी थांबायला शिकलीस. मला माहीत होतं. पिरीने मला सांगितलं होतं. त्या दिवशी सात-सहा असताना मला दिसलंसुद्धा, आणि मी तोंड मिटून उभा राहिलो. गाडीत तू म्हणालीस चूक माझी, तेव्हाही गप्प बसलो. मला माफ करू नकोस, पण ऐकून ठेव."

स्मरांदाने डोक्याचा रुमाल सोडला आणि तो हातात चुरगाळत म्हणाली, "मास्तर, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"खांद्याचं. पुरानंतरच्या पहिल्याच धड्याला कळलं. मी नेहमीसारखं झटकन टोचलं, तर तुमचा हात अजून खालीच होता आणि जाळीतून दिसलं, तुमचा चेहरा पांढराफटक पडला होता. दुसऱ्या वेळी मी थोडी थांबले. तुमचा हात वर पोचला आणि मग मी टोचलं. तुम्हाला बरं वाटलं. मग मी रोजच थांबायला लागले."

आणि मी, जो टोचण्यावरून माणूस ओळखतो म्हणून मिरवायचो, तो मी! सहा वर्षं तिने मला रोज शेकडो वेळा टोचलं आणि त्या टोचण्यातलं हे मला कधी कळलं नाही. मला वाटायचं ती मास्तरांच्या हाताला फसून थांबते. ती जाणूनबुजून थांबत होती.

"तुम्हाला लाज वाटू नये म्हणून," ती म्हणाली. "तुम्ही एवढं लपवत होता, तर मी कशाला उघडं करू, असं वाटायचं. बुखारेस्टला तुम्ही ओरडलात, तेव्हा मी मनात म्हटलं, आता थांबायचं नाही. समोर मास्तर नाहीत. पण हात ऐकेचना. सहा वर्षं मीच त्याला थांबायला शिकवलं होतं ना."

"मग गाडीत का नाही बोललीस, पोरी?"

"काय बोलणार? तुम्ही दुसऱ्या दिवशी तलवार खुंटीला लावली असतीत."

मास्तरांनी डाव्या हाताने उजवा हात धरला आणि तलवारीसकट जागेवर आणला.

"पुन्हा ये. आणि या वेळी थांबायचं नाही."

"नको, मास्तर. तुमचा खांदा..."

"दुखला तर सांगेन."

तिने एकदा श्वास घेतला. हूल दिसली न दिसली, तोच टोक माझ्यावर येऊन बसलं. एवढं चपळ टोचणं मला जन्मात कधी लागलं नव्हतं. त्या जागेचं वाळलेलं चामडं चार पदरांपैकी वरच्या पदराला फाटलं. असं एक टोचणं बुखारेस्टला लागलं असतं, तर स्मरांदा त्या भिंतीवर असती. मास्तरांचा हात कंबरेशीच राहिला होता.

"दुखलं," मास्तर म्हणाले.

स्मरांदाने तलवार टाकली आणि ती पुढे झाली. माझ्या भेगाळलेल्या कॉलरवर डोकं टेकून ती रडली. मास्तरही रडत होते. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवायचा प्रयत्न केला, तो डावा हात होता.

मास्तर त्याच हिवाळ्यात गेले. स्मरांदा येऊन गेली, मातीला थांबली. आता मी पुन्हा अडगळीत आहे, पण मोडक्या मुखवट्यांच्या पुढे, दाराजवळ. नव्या मुली कधीकधी मला हात लावून बघतात आणि विचारतात, हे भोक कसलं?

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आमच्यासारख्या जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा, फेकून देऊ नका. मी तेवढं मागत नाही, मी चार पदरांचा आहे. माझं मागणं दुसरं आहे. तुम्हाला कुठे दुखत असेल तर ज्याच्याबरोबर रोज काम करता त्याला सांगा. आणि त्याला दुखतंय असं तुम्हाला दिसलं, तर दिसलं म्हणून सांगा. गप्प राहून सांभाळून घेऊ नका. नांदोर मास्तरांनी स्मरांदाला जपलं आणि स्मरांदाने मास्तरांना जपलं. दोघांनीही सहा वर्षं एकमेकांना फुलासारखं जपलं, आणि त्यात त्या पोरीचं ऑलिम्पिक गेलं.